अंगावर पाजणारीची गोळी

गोळीचं नाव काढायच्या आधी एक वाक्य बोलायचं, बाय : "मी बाळाला अंगावर पाजते." दुकानात, आशाताईपाशी, नर्सबाईपाशी, गुहागरच्या डॉक्टरांपाशी, कुठेही. दुकानदाराला तुझ्या चेहऱ्यावरून थोडंच कळणार आहे की घरी दोन महिन्यांचं पोर आहे? "पाळणा लांबवायची गोळी द्या" म्हटलंस की हाताला येईल ते पाकीट तो पुढे सरकवतो, आणि हाताला येतं ते बहुतेकदा मिश्र गोळीचं.

आत्येसासू म्हणून नाही, नर्स होते म्हणून सांगते. नोकरीत असताना हेदवी, नरवण, वेळणेश्वर, पालशेत इकडच्या वाड्यावाड्यांतून बाळंतिणींची घरं हिंडले. एक भीती बहुतेक घरांत ऐकली. गोळीतलं औषध दुधातून पोराच्या अंगात उतरतं, मुलगा असला तर बायकी होतो, मुलगी असली तर लवकर न्हाती होते. सासू बोलते, सून ऐकते, गोळ्यांचं पाकीट फडताळात कपड्यांखाली जातं. गणपतीला नवरा मुंबईहून येतो, आणि शिमग्याला पालखी दारात नाचते तेव्हा बाईचं पोट दिसायला लागलेलं असतं. कडेवरचं पोर अजून दुधाचं, आणि पाठचं वाटेवर.

भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही सांगते. अमेरिकेत १९६० साली पहिली गोळी निघाली ती फार जहाल होती. आजच्या गोळीच्या कितीतरी पट हार्मोन तिच्यात असायचं. अशी गोळी घेणाऱ्या एका आईच्या तान्ह्या मुलाची छाती फुगल्याची नोंद १९६४ सालची आहे, आणि गोळी थांबवल्यावर ती उतरली. तेव्हापासून ही गोष्ट जगभर फिरली. गोळीतलं औषध पुढे कमी कमी होत गेलं, गोष्ट मात्र जुन्याच मापाची राहिली.

आजची सरकारी 'माला-एन' घे, नाहीतर दुकानातली 'माला-डी'. दोन्हींत औषध एकच. एका पाकिटात २८ गोळ्या, त्यांतल्या २१ औषधाच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या. औषधाच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल आणि १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. ही दोन नावं पाठ करू नकोस, पाकिटावर बघता आली म्हणजे झालं. पहिलं इस्ट्रोजेन, दुसरं प्रोजेस्टोजेन; इस्ट्राडायॉल हा शब्द दिसला की ती मिश्र गोळी. आता ह्यातलं दुधात किती जातं? स्वीडनमधल्या संशोधकांनी १९७७-७८ च्या सुमारास आईचं रक्त आणि दूध दोन्ही तपासून हिशेब मांडला. लेव्होनॉरजेस्ट्रेलचा आईच्या मात्रेतला हजारावा भाग बाळाला पोचतो, आणि एथिनिल इस्ट्राडायॉलचा त्याहून कमी, दहा हजारातले दोन भाग. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दिवसभरात बाळाच्या पोटात जातं ते साधारण ६ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा हिस्सा. जिची पाळी पुन्हा सुरू झाली आहे अशा बाईच्या दिवसभराच्या दुधात, गोळी न घेताही, तिच्या स्वतःच्या अंगातलं इस्ट्रोजेन जवळजवळ तेवढंच असतं. गोळीतलं जास्त तिखट, हे मान्य. पण स्वीडनमध्येच अशा आयांच्या मुलांकडे आठ वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. ४८ मुलं होती. तब्येतीत, बुद्धीत, वागण्यात काही वेगळं निघालं नाही. आपल्याकडेही हा प्रश्न सत्तरच्या दशकातच हाती घेतला होता. परळला प्रजननावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तिथे मुंबईच्या बायकांचं दूध तपासून गोळीचा त्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं.

मग नवजात बाळाची छाती फुगते ती कशाने? हे विचारणारी तू पहिली नाहीस. मुलगा असो की मुलगी, जन्मल्यावर चार-आठ दिवसांत बाळाची छाती सुपारीएवढी फुगू शकते, कधी थेंबभर दूधही येतं. ते नऊ महिने वारेतून आलेल्या तुझ्याच हार्मोनचं. गोळीचा त्यात काही संबंध नाही, कारण गोळी तेव्हा सुरूच झालेली नसते. मुलीला तर कधी लंगोटाला रक्ताचा डाग लागतो, तोही त्यातलाच प्रकार. काही आठवड्यांत आपोआप बसतं. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेल लावताना ते दूध पिळून काढते, "नाहीतर गाठ राहील" म्हणते. तिचा हात धर. पिळून जखम होते, पू होतो, आणि एवढ्याशा जिवाच्या छातीला चिरा देण्याची वेळ येते. बाई कितीही जुनी असो, तिच्या पाटावर बसलेलं पोर तुझं आहे.

आणि बोलायची वेळच आली आहे तर बोलते. "गोळीचं औषध दुधात उतरतं" म्हणणारी म्हातारी सकाळी पडवीत बसून मशेरी लावते आणि बाळंतिणीलाही दात घासायला तीच देते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन दुधात उतरतं, आईच्या रक्तात असतं त्याहून जास्त प्रमाणात. त्याची भीती कुणाला नाही.

तर बाळाच्या अंगात हार्मोन जाईल म्हणून मिश्र गोळी नको, असं नव्हे. ती नको त्याची कारणं दुसरीच आहेत, दोन.

पहिलं कारण दूध. जागतिक आरोग्य संघटनेने हंगेरीत आणि थायलंडमध्ये अंगावर पाजणाऱ्या बायकांचं दूध मोजलं, ते १९८४ साली छापून आलं. बाळ सहा आठवड्यांचं असताना सुरुवात केली, चोवीस आठवड्यांचं होईपर्यंत मोजत राहिले. गोळी होती आपल्या 'माला'च्याच मापाची. मिश्र गोळी घेणाऱ्यांचं दूध सुमारे ४२ टक्क्यांनी घटलं. नुसत्या प्रोजेस्टोजेनची गोळी घेणाऱ्यांचं १२ टक्क्यांनी, आणि हार्मोनचं काहीच न घेणाऱ्यांचं ६ टक्क्यांनी. त्या बाळांच्या वाढीत फरक पडला नाही, कारण दूध कमी पडलं तिथे वरचं देऊन भागवलं गेलं. पण आपल्याकडे वरचं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. पिशवीचं दूध, त्यात निम्मं पाणी, धुतली न धुतली अशी बाटली, आणि श्रावणात विहिरीचं पाणी गढूळ. पोराला जुलाब होतात ते त्या बाटलीने, आणि नाव गोळीच्या औषधाचं निघतं.

दूध कशाने वाढतं हे विचारशील तर हळिवाचे लाडू खा, चांगलेच असतात, पण खरं दूध वाढतं ते पोर ओढतं म्हणून. विहीर उपसावी तशी झऱ्याला ओढ लागते. रात्रीचं पाजणं सोडू नको, दूध आणणारं हार्मोन रात्री जास्त चढतं. जिने मिश्र गोळी घेतली आणि शिवाय रात्री बाटली दिली, तिचं दूध दोन्हीकडून आटतं.

दुसरं कारण तुझ्या स्वतःच्या जिवाचं. बाळंतपणानंतर पहिले काही आठवडे बाईच्या रक्ताला गोठायची ओढ जास्त असते, बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, कधी नव्हे तसं डोकं फुटायला लागलं किंवा नजर अंधारली, तर लेप लावत बसायचं नाही. गुहागरचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर थेट कामथ्याचं. गाडीवाल्याला आधी फोन, सासऱ्यांची परवानगी नंतर.

म्हणून नियम असा आहे. अंगावर पाजणारीला सहा आठवडे मिश्र गोळी अजिबात नाही. सहा आठवडे ते सहा महिने, दुसरा कुठलाही उपाय असेल तर तो घ्यायचा. सहा महिन्यांनंतर, पोर वरचं खायला लागल्यावर, चालते. रक्तदाब असेल, डोकं अर्धं दुखत असेल, तर तेव्हाही आधी डॉक्टर.

सहा महिने मग काय करायचं, तर पहिला उपाय तुझ्या अंगातच आहे, फक्त त्याच्या अटी कडक आहेत. पाळी आलेली नसावी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. आणि त्याच्या पोटात तुझ्या दुधाशिवाय काही जात नसावं, दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून मोठा खंड न पडता. तिन्ही पाळल्या तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांना दिवस राहत नाहीत. आपल्याकडे गाडं अडतं ते तिसऱ्या अटीवर. सहाणेवर उगाळलेली गुटी, चमचाभर मध, ग्राइपवॉटर, उन्हाळा आहे म्हणून पाणी. "एवढ्याने काय होतंय," म्हणतात. होतं असं की पोराचं पोट भरतं, ते कमी ओढतं, आणि तुझं अंग समजतं की आता पुढचं चालेल. मध तर वर्षाच्या आत कुठल्याही कारणाने नको.

उष्टावण झालं की ह्या उपायावरचा भरवसा संपला असं धरून चाल. मामाच्या मांडीवर बसून खिरीचा घास बाळाच्या तोंडात गेला, त्या दिवशी दुसरा उपाय तुझ्या हातात हवा. पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. बीज आधी सुटतं, पाळी मागून येते. पहिली पाळी यायच्या आतच दिवस गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना स्वतःला चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पत्ता नव्हता.

आता 'छाया'. ही गोळी आपल्या देशातली, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली. दुकानात ती 'सहेली' नावाने १९९० च्या दशकापासून होती, सरकारी दवाखान्यात 'छाया' म्हणून २०१६-१७ च्या सुमारास आली. तिच्यात इस्ट्रोजेन नाही आणि प्रोजेस्टोजेनही नाही, म्हणून पाजणाऱ्या बाईला ती देतात आणि दूध तिने आटत नाही. हार्मोन नाही म्हणजे दुधात काहीच उतरत नाही, असं मात्र समजू नको. औषध आहे ते, थोडं उतरतं. लखनौच्याच लोकांनी ते मोजलं आणि बाळाला त्रास होण्याइतकं ते नाही असं म्हटलं. मला हे आवडतं. "काही नाही होत" असं म्हणण्यापेक्षा मोजून सांगितलेलं बरं.

छायाची गंमत वारांची आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. पहिली गोळी रविवारी घेतलीस तर दुसरी बुधवारी, सोमवारी घेतलीस तर गुरुवारी. तीन महिने झाले की फक्त पहिल्या वाराची ठेवायची, आठवड्याला एक. कालनिर्णयवर पेनाने गोल करून ठेव, उपवासाचे करतेस तसे. एखादी राहिली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घे, पुढच्या ठरल्या वारीच घ्यायच्या, आणि पाळी येईपर्यंत नवऱ्याने निरोध वापरायचा. सात दिवस उलटून गेले तर सगळं पहिल्यापासून. पाळी लांबते हिने, घाबरून जाऊ नको, पण पंधरा दिवसांवर गेली तर लघवी तपासून घे. पावसात कावीळ होऊन गेली असेल, किंवा बीजकोषात गाठी आहेत असं कुणी सांगितलं असेल, तर ते आधी बोल, मग ही गोळी नाही.

'अंतरा' म्हणजे तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन. नुसतं प्रोजेस्टोजेन, दुधाला धक्का नाही, पण बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावरच. आपल्याकडच्या बाळंतिणीला एक खास सूचना : टोचल्या जागी चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही. शेगडीवर कापड धरून कंबर शेकताना तिथेही हात जातो, आणि औषध हळूहळू सुटायचं ते भराभर सुटून जातं. मग तीन महिने पुरत नाही. पाळी अनियमित होते, पुढे बंदही होते, त्याने रक्त अंगात साठत नाही. इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला मात्र सात ते दहा महिने लागतात, हा हिशेब आधीच मांडून ठेवायचा.

तांबीबद्दल थोडक्यात. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवून घेता येते, तो मुहूर्त चुकला तर सहा आठवड्यांनी. दुधाचा प्रश्नच येत नाही. तुझ्या वेळी मी इथे असते तर तीच बसवून घ्यायला लावली असती.

नुसत्या प्रोजेस्टोजेनची गोळीही असते, मिनीपिल म्हणतात. पाजणाऱ्या बाईला चालते, डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते. तिला घड्याळ लागतं. जुन्या प्रकारच्या मिनीपिलला तीन तास उशीर झाला तरी भरवसा गेला, नव्या डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला बारा तासांची सवलत आहे. आणि हिच्यात लोहाच्या गोळ्या नसतात, सगळ्याच औषधाच्या, मधे सुट्टी नाही. "बाळ पिऊन झोपलं की गोळी घेऊ, म्हणजे दुधात कमी उतरेल ना?" असं विचारतात. उतरणारं मुळातच एवढंसं आहे की त्या वेळेने फरक पडत नाही. पण रोज त्याच वेळी आठवण राहते म्हणून ती सवय चांगली.

आता ज्या गोळीची मला खरी धास्ती वाटते, तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. पाळी पुढे ढकलायची गोळी. हेदवीत दशभुजा गणपती, घराघरांत भाद्रपदातला गणपती, मग गौरी, माघातला उत्सव, मधे कुणाचं लग्न. "सोवळ्याचं आहे, पाळी नको यायला," की निघाली बाई दुकानात. तान्हं पोर अंगावर असलेल्यासुद्धा. ती गोळी म्हणजे ५ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन, दिवसातून तीनदा. दिवसाचे १५ मिलिग्रॅम झाले. त्याच औषधाच्या मिनीपिलमध्ये असतात ०.३५ मिलिग्रॅम. चाळीस पटींहून जास्त! शिवाय एवढ्या मात्रेतलं थोडं औषध शरीरात एथिनिल इस्ट्राडायॉल होतं, जवळपास एका मिश्र गोळीइतकं. म्हणजे जी गोळी बाळंतिणीला नको म्हणून आपण दूर ठेवली, ती मागच्या दाराने घरात आली. आणि एवढं करून ती पाळणा लांबवायची गोळी नव्हेच. पाळी ढकलली म्हणून दिवस राहणार नाहीत असं समजून कित्येकजणी फसतात, कारण नवरा येतो तोही नेमका त्याच दिवसांत. पूर्ण अंगावर पाजत असशील तर बहुधा पाळी आलेलीच नसेल, मग ढकलायचं काय? आणि आलीच तर बाप्पाला चालतं, असं माझं मत. ह्या घरात ते कुणी ऐकत नाही, तरी सांगते. मोदक वळायला दुसरे पुष्कळ हात आहेत.

चाकरमान्याच्या बायकोला आणखी एक. गोळी नवरा येईल तेव्हा घ्यायची वस्तू नाही. आज बसमधून उतरला म्हणून आज गोळी सुरू केली, असं चालत नाही, ती रोज अंगात लागते. वर्षातून दोन-तीन वेळाच भेट होत असेल तर रोजच्या गोळीपेक्षा निरोध सरळ. त्याने दुधाचं काही बिघडत नाही, तुझं काही बिघडत नाही. फक्त तो त्याने मुंबईहून आणायचा आणि वापरायचाही, हे फोनवर आधी ठरवून घे. लाजू नको. दाभोळची खाडी ओलांडली की पलीकडे दापोली तालुका, तिथलं मुरूड हे कर्व्यांचं गाव. त्या घरातल्या रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, कोर्टकचेऱ्या सोसून. एवढं झाल्यावर आपण शंभर वर्षांनी नवऱ्याशी फोनवर कुजबुजायचं म्हणजे कमाल आहे.

एखाद्या वेळी चुकलंच, तर ७२ तासांच्या आत घ्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी आशाताईकडेही असते. जितकी लवकर तितकी उपयोगी. तिच्यासाठी पाजणं थांबवायचं कारण नाही. दर महिन्याला मात्र ती घ्यायची नसते.

क्षयाची औषधं चालू असतील, किंवा फिटची, तर गोळी सांगणाऱ्याला ते सांगायचं. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन गोळीचं औषध यकृतात भराभर संपवून टाकतं, गोळी घेऊनही दिवस राहतात.

आणि मे महिन्यात पोराला घेऊन मुंबईला जाशील तेव्हा गोळ्यांचं रिकामं पाकीट फेकू नको, पर्समध्ये ठेव. तिथल्या दुकानात नाव सांगण्यापेक्षा ते दाखव, आणि नवीन हातात आल्यावर दोन्हींवरचा मजकूर ताडून बघ. 'अंतरा' घेतलंस तर दवाखान्यातून कार्ड मिळतं, पुढची तारीख त्यावर लिहिलेली असते. ते कार्ड बाळाच्या लसीच्या कार्डातच घालून ठेव. तारीख शिमग्याच्या गर्दीत येत असेल तर दोन आठवडे आधी टोचून घेतलं तरी चालतं, आणि राहिलंच तर चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो. त्यापुढे गेलं की आधी दिवस नाहीत ना ते तपासल्याशिवाय नर्सबाई सुई हातात घेणार नाही.